येमेन ते वेरावळ: युद्धाच्या नोंदी नकाशावर मांडायच्या तर

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याच्या गावांत बोटीवर कामाला गेलेली माणसं घरोघरी सापडतात. नोव्हेंबर २०२३पासून येमेनच्या हुती बंडखोरांनी लाल समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू केले, तेव्हा या घरांतला जीव टांगणीला लागला आणि टीव्हीवरच्या नकाशाने त्यात भरच घातली. अख्खा समुद्र भडक रंगवलेला, मध्ये स्फोटाचं चित्र, दोन-तीन फिरते बाण. हल्ला नेमका कुठे झाला, कधी झाला, कुणी दगावलं का, यातलं काहीही त्यावरून कळत नव्हतं.

याहून बरा नकाशा घरच्या साध्या लॅपटॉपवर, एक पैसा खर्च न करता करता येतो. एक्सेल उघडता येतं पण नकाशाच्या सॉफ्टवेअरला कधी हात लावलेला नाही, अशांसाठी हे लिहितोय: कॉलेजची मुलं, शाळेतले भूगोलाचे शिक्षक, गावातून बातम्या पाठवणारे पत्रकार. उदाहरण येमेनचं घेतलंय. सुदान, म्यानमार, युक्रेन, कुठलाही संघर्ष घेतलात तरी रीत हीच.

आधी प्रश्न कागदावर लिहा

‘जगातली युद्धं दाखवायची आहेत’ एवढ्यावर कामाला लागलात तर हाती फक्त ठिपक्यांचा चिखल लागतो. प्रश्न एका वाक्यात बसला पाहिजे, त्यात जागा हवी आणि काळ हवा. उदाहरणार्थ: ‘२०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत येमेन आणि लगतच्या समुद्रात संघर्षामुळे माणसं कुठे मेली?’ किंवा ‘त्याच काळात व्यापारी जहाजांवर हल्ले कुठे झाले?’

वरवर पाहता दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. पण दोघांची उत्तरं एका फाइलमध्ये मिळत नाहीत.

नोंदी कोण ठेवतं

स्वीडनच्या उप्साला विद्यापीठाचा संघर्षविषयक प्रकल्प आहे, त्याला सगळे यूसीडीपी म्हणतात. त्यांची जीईडी नावाची फाइल १९८९पासूनच्या एकेका घटनेची नोंद अक्षांश-रेखांशासह देते. ती फुकट आहे, वेबसाइटवरून सरळ उतरवता येते आणि श्रेय दिलंत की वापरायला, छापायला परवानगी आहे. दरवर्षी नवी आवृत्ती येते. २५.१ या आवृत्तीत २०२४च्या अखेरपर्यंतच्या घटना आहेत. नवख्याने सुरुवात इथूनच करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरा मोठा स्रोत म्हणजे एक्लेड. तिथे माहिती दर आठवड्याला नवी होते आणि मृत्यू झाला नसला तरी घटना नोंदली जाते: लढाई, स्फोट, नागरिकांवरचा हिंसाचार, दंगल, अगदी शांततेतला मोर्चासुद्धा. तिथे खातं उघडावं लागतं आणि खात्याच्या प्रकाराप्रमाणे कमी-जास्त तपशील हाती लागतो. कॉलेजचा ईमेल असेल तर तो वापरा. त्यांची मूळ फाइल जशीच्या तशी दुसऱ्याला वाटायला बंदी आहे, तेव्हा अटी वाचल्याशिवाय ग्रुपवर टाकू नका.

जीडेल्ट नावाचा एक तिसरा प्रकार आहे. तो जगभरच्या बातम्या यंत्राकडून वाचून घेऊन घटना काढतो. आकडे डोळे दिपवणारे असतात, पण एकच हल्ला दहा वर्तमानपत्रांत छापून आला की त्याच्या अनेक घटना होऊ शकतात. पहिल्या नकाशासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आता मघाच्या दोन प्रश्नांकडे. यूसीडीपीच्या व्याख्येत घटना मोजली जायला त्यात किमान एक थेट मृत्यू असावा लागतो. शिवाय एखाद्या वर्षात किमान २५ मृत्यूंचा उंबरठा ओलांडलेल्या बाजूंच्याच घटना त्यात येतात. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘गॅलेक्सी लीडर’ जहाज हेलिकॉप्टरमधून उतरलेल्या हुतींनी ताब्यात घेतलं. त्यात कुणी मेलं नाही. २३ डिसेंबर २०२३ला मंगळुरूकडे येणाऱ्या ‘केम प्लूटो’वर ड्रोन आदळलं, तेही आपल्या अरबी समुद्रात. त्यातही जीवितहानी नाही. म्हणजे या दोन्ही घटना यूसीडीपीच्या व्याख्येत बसतच नाहीत. उलट ६ मार्च २०२४ला एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’वर क्षेपणास्त्र पडलं आणि तीन खलाशी गेले. २१ जणांना आयएनएस कोलकाताने बाहेर काढलं, त्यात एक भारतीय होता. ही घटना व्याख्येत बसू शकते. फाइलमध्ये आली आहे का, ते तारीख टाकून स्वतः शोधा. सवयीसाठी हा पहिला अभ्यास उत्तम.

‘आमच्या समोरच्या समुद्रात हल्ला झाला आणि नकाशावर ठिपकाच नाही’ अशी कुणी तक्रार केली, तर दोष नकाशाचा नसून व्याख्येचा असतो. म्हणून प्रत्येक स्रोतासोबत मिळणारं कोडबुक नावाचं पीडीएफ आधी वाचायचं. कंटाळवाणं असतं, पण निदान व्याख्या आणि रकान्यांची पानं तरी सोडू नका.

फाइल उतरवणं आणि उघडणं

जीईडीची जगाची फाइल साडेतीन लाखांहून जास्त ओळींची आहे. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर उतरवायची तर रात्री लावून ठेवा. ‘सीएसव्ही’ (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल) प्रकार निवडा. एका फोल्डरमध्ये ‘मूळ’ आणि ‘काम’ असे दोन उपफोल्डर करा. ‘मूळ’मधल्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही. एक्सेलमध्ये उघडून सहज ‘सेव्ह’ केलंत तरी तारखांचं रूप बदलू शकतं आणि परक्या भाषांतल्या गावांच्या नावांचा विचका होतो. बघायचीच असेल तर प्रत काढून बघा.

नकाशासाठी क्यूजीआयएस हे मुक्त सॉफ्टवेअर बसवा. नवीन आवृत्तीच्या मोहात न पडता ‘लाँग टर्म’ असं लिहिलेली घ्या, ती स्थिर असते. पावसाळ्यात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून नवीन प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या त्याच फोल्डरमध्ये सेव्ह करा आणि मग दर थोड्या वेळाने करत राहा. फाइल्स नंतर दुसरीकडे हलवल्यात तर प्रोजेक्टला त्या सापडत नाहीत. हलवायचाच तर अख्खा फोल्डर हलवा.

आता ‘लेयर’ मेनूतून ‘ॲड लेयर’, तिथून ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’. सीएसव्ही निवडा. एन्कोडिंग ‘यूटीएफ-८’ ठेवा. ‘एक्स फील्ड’मध्ये लाँगिट्यूड म्हणजे रेखांश, ‘वाय फील्ड’मध्ये लॅटिट्यूड म्हणजे अक्षांश. शाळेत आपण ‘अक्षांश-रेखांश’ याच क्रमाने पाठ केलेलं असतं, त्यामुळे हात आपोआप उलटा जातो. उलटं झालं की ओळखायला सोपं आहे: येमेनचं होदेदा बंदर इटलीसमोर एड्रियाटिक समुद्रात दिसतं आणि आपली रत्नागिरी नॉर्वेच्याही उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन बसते. आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात एकटाच ठिपका दिसला तर त्या ओळीत अक्षांश-रेखांश दोन्ही शून्य आहेत असं समजा. ‘सीआरएस’ (अक्षांश-रेखांश कुठल्या पद्धतीने मोजलेत ते) विचारेल तिथे ईपीएसजी ४३२६.

सगळं जग ठिपक्यांनी भरून जाईल. घाबरू नका. लेयरवर उजवी क्लिक करून ‘फिल्टर’ उघडा. देशाच्या नावावर फिल्टर लावायचा तर यूसीडीपीत येमेनचं नाव इंग्रजीत ‘येमेन (नॉर्थ येमेन)’ असं आहे, रशियाचं ‘रशिया (सोव्हिएत युनियन)’, म्यानमारचं ‘म्यानमार (बर्मा)’. नुसतं ‘येमेन’ लिहिलंत तर शून्य ओळी येतील. समुद्रातल्या घटनाही हव्या असल्याने मी देशाऐवजी चौकट वापरतो: अक्षांश ११ ते २०, रेखांश ३८ ते ५५, वर्ष २०२३ किंवा पुढचं. या चौकटीत इरिट्रिया, जिबूती, सोमालियाचं उत्तर टोक आणि इथिओपियाचा थोडा भागही येतो. इथिओपियात २०२३-२४मध्ये अम्हारा भागात लढाई चालू होती, ते ठिपके येमेनच्या खाती जाऊ नयेत म्हणून देशाच्या रकान्यावर रंग वेगवेगळे द्या.

ठिपका तिथे का पडला

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बहुतेक जण मात्र याच टप्प्यावरून उडी मारून थेट रंगांकडे जातात.

समजा बातमी आली, ‘रत्नागिरी जिल्ह्यात दरड कोसळून दोघांचा मृत्यू’. तालुका दिलेला नाही. नोंद करणाऱ्याने ठिपका कुठे ठेवायचा? तो रत्नागिरी शहरावर ठेवेल. दरड मंडणगडला कोसळली असेल नाहीतर राजापूरला, ठिपका शहरावरच. अशा वर्षभराच्या बातम्या जमल्या की नकाशा बघणारा म्हणेल, रत्नागिरी शहर फार धोक्याचं दिसतंय. संघर्षाच्या नोंदींत हेच घडतं. एक्लेडच्या नियमात नुसता मोठा प्रदेश कळला असेल तर बहुधा प्रांताची राजधानी घेतली जाते.

दोन्ही स्रोत हे लपवत नाहीत. एक्लेडमध्ये ‘जिओ प्रिसिजन’ नावाचा रकाना असतो: १ म्हणजे गाव नेमकं माहीत, २ म्हणजे आसपासचा भाग माहीत, ३ म्हणजे प्रदेश तेवढा माहीत. यूसीडीपीचा ‘व्हेअर प्रेक’ १ ते ७ असतो. १ नेमकी जागा, २ सुमारे २५ किलोमीटरच्या परिघात, ३ जिल्ह्यासारखा लहान विभाग, ४ प्रांत, ५ नदी-रस्त्यासारखी रेषा किंवा अंधूक सीमेचा प्रदेश, ६ फक्त देश माहीत आणि ७ म्हणजे आंतरराष्ट्रीय समुद्र किंवा आकाश. आपल्या कामाला ७ महत्त्वाचा. समुद्रातल्या नोंदी शोधायच्या तर फिल्टरमध्ये तेवढाच आकडा टाकून बघा.

माझी पद्धत अशी: १ आणि २ या नोंदी भरीव ठिपक्यांनी दाखवायच्या. ३ला पोकळ वर्तुळ. ४, ५ आणि ६ नकाशावर ठेवायच्याच नाहीत, त्यांची बेरीज करून नकाशाच्या कोपऱ्यात लिहायची: ‘जागा नीट न कळलेल्या इतक्या घटना, इतके मृत्यू’. कोपऱ्यातला आकडा मोठा निघाला तर लपवू नका. फोन-इंटरनेट बंद पाडलेल्या युद्धात तो मोठाच निघतो. इथिओपियाच्या टिग्रेमध्ये २०२० ते २०२२ या काळात संपर्क तोडला गेला होता. अशा ठिकाणी बातम्या उशिराने आणि गठ्ठ्याने येतात.

मृत्यूंच्या आकड्यांचंही तसंच. यूसीडीपी तीन आकडे देते: कमीत कमी, जास्तीत जास्त आणि त्यांच्या मते सर्वात पटणारा, तो ‘बेस्ट’ या रकान्यात. एक्लेड एकच आकडा देते आणि तो कसा येतो ते बघण्यासारखं आहे. बातमीत ‘डझनभर’ लिहिलं असेल तर १२, ‘शेकडो’ लिहिलं असेल तर १००. ‘बरेच’ एवढंच असेल तर युद्धक्षेत्रात १० आणि बाहेर ३. म्हणजे फाइलमध्ये ओळीने १०, १०, १० दिसू लागले तर ते मोजून आलेले दहा असतीलच असं नाही. हे आकडे एकेका घटनेचे म्हणून छापू नका. महिन्याची किंवा जिल्ह्याची बेरीज करून वापरा आणि ‘अंदाजे’ हा शब्द काढू नका.

दोन स्रोतांचे आकडे मात्र एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. एकीकडून जानेवारी आणि दुसरीकडून फेब्रुवारी घेतलात तर वाढ-घट युद्धाची की व्याख्येची, हे कुणालाच सांगता येणार नाही.

जहाजांचा तक्ता स्वतः करा

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे जहाजांवरच्या हल्ल्यांसाठी, हाताने केलेला छोटा तक्ता सगळ्यात जास्त शिकवतो. अमेरिकेच्या नॅशनल जिओस्पेशियल-इंटेलिजन्स एजन्सीकडे जहाजांवरच्या हल्ल्यांची जुनी-नवी नोंद अक्षांश-रेखांशासह आहे आणि ब्रिटिश नौदलाच्या यूकेएमटीओ केंद्राचे इशारे सार्वजनिक असतात. त्यांच्या आधाराने रकाने आखा: तारीख, जहाज, अक्षांश, रेखांश, जागा किती खात्रीची, मृत्यू, बातमीचा स्रोत, शेरा.

‘केम प्लूटो’ची ओळ भरून बघू. अमेरिकेने सांगितलं, भारताच्या किनाऱ्यापासून २०० सागरी मैल. काही बातम्यांत आलं, वेरावळच्या नैर्ऋत्येला २०० किलोमीटर, काहींत तेच अंतर सागरी मैलांत. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, तेव्हा फरक थोडाथोडका नाही, १७० किलोमीटरचा आहे. वेरावळ साधारण २०.९ उत्तर, ७०.४ पूर्व. नैर्ऋत्येला २०० सागरी मैल म्हणजे दक्षिणेला १४१ आणि पश्चिमेला १४१. अक्षांशाचा एक अंश ६० सागरी मैलांचा, म्हणून १४१ला ६०ने भागून २.३५ अंश खाली, म्हणजे १८.५५. रेखांशाचा अंश आपल्या भागात साधारण ५६ सागरी मैलांचा भरतो, म्हणून २.५ अंश पश्चिमेला, म्हणजे ६७.९. हा बिंदू जवळपास अलिबागच्या अक्षांशावर, भर समुद्रात येतो. किलोमीटर धरलेत तर तो १९.६ उत्तर, ६९.० पूर्वेला सरकतो, गुजरातच्या बराच जवळ. मी पहिला बिंदू नकाशावर ठेवतो, कारण तो अमेरिकेने सांगितलेल्या किनाऱ्यापासूनच्या अंतराशी जुळतो. खात्रीच्या रकान्यात २ लिहितो आणि शेऱ्यात दोन्ही अंतरं लिहून ठेवतो.

‘रूबीमार’ हे जहाज वेगळ्या पेचात टाकतं. त्यावर हल्ला झाला १८ फेब्रुवारी २०२४ला, ते वाहत राहिलं आणि बुडालं २ मार्चला. तारीख कुठली आणि जागा कुठली? तुमचा प्रश्न ‘हल्ला कुठे झाला’ असा असेल तर पहिली. बुडण्याची दुसरी ओळ करायची असेल तर ‘प्रकार’ नावाचा नवा रकाना घाला, नाहीतर एकाच जहाजाचे दोन हल्ले मोजले जातील. सोमाली चाचेगिरीसाठीही हाच रकाना उपयोगी पडतो. डिसेंबर २०२३मध्ये पळवलेलं ‘रुएन’ मार्च २०२४मध्ये नौदलाने सोडवलं आणि पकडलेल्या ३५ चाच्यांना मुंबईत आणलं, पण त्याला हुतींच्या हल्ल्यांच्या रंगात रंगवणं चूक.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्या वाडीतला मुलगा आत्ता कुठल्या जहाजावर, कुठल्या भागात आहे, हे या तक्त्यात येता कामा नये. खलाशांची नावंही नकोत. चालू असलेल्या धोक्याच्या भागात जहाजांच्या ताज्या जागा टाकून नकाशा फिरवणं घरच्यांच्याही हिताचं नाही.

आकार, रंग, जमीन

मृत्यूंच्या संख्येप्रमाणे वर्तुळ लहान-मोठं करायचं तर वर्तुळाचं क्षेत्रफळ संख्येप्रमाणे वाढलं पाहिजे, त्रिज्या नव्हे. त्रिज्या वाढवलीत तर १०० मृत्यूंचं वर्तुळ १० मृत्यूंच्या शंभर पट मोठं दिसतं. क्यूजीआयएसमध्ये चिन्हाच्या ‘साइज’शेजारचं बटण दाबून ‘असिस्टंट’ उघडा, ‘बेस्ट’ रकाना निवडा आणि पद्धत ‘सर्फेस’ किंवा ‘फ्लॅनरी’ ठेवा. रंग अर्धपारदर्शक करा. ‘लेयर रेंडरिंग’मध्ये क्रम ‘बेस्ट’वर उतरता ठेवलात की मोठी वर्तुळं खाली जातात आणि लहान त्यांच्यावर दिसतात.

हीटमॅप, म्हणजे नोंदी दाट तिथे रंग भडक होणारा नकाशा, सुंदर दिसतो आणि म्हणूनच फसवतो. प्रांताच्या नावावर टाकलेल्या नोंदी एकाच बिंदूवर साचून तिथे खोटी आग दिसते. करायचाच असेल तर फक्त १ आणि २ खात्रीच्या नोंदींचा करा. रंग निवडताना लाल-हिरवी जोडी टाळा, अनेकांना त्यातला फरक दिसत नाही.

अनेक देश शेजारी मांडणार असाल तर प्रक्षेप, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडायची रीत, बदला. ऑनलाइन नकाशांचा नेहमीचा मर्केटर प्रक्षेप युक्रेनच्या अक्षांशावर क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त फुगवतो आणि येमेन जवळपास आहे तेवढाच ठेवतो. ‘इक्वल अर्थ’, म्हणजे ईपीएसजी ८८५७, घ्या.

खालच्या जमिनीसाठी नॅचरल अर्थच्या फाइल्स मोफत आहेत, पण त्यांच्या नेहमीच्या फाइलमधली भारताची सीमा आपल्या अधिकृत सीमेशी जुळत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रसिद्ध करणं हा १९६१च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमानुसार गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. नॅचरल अर्थवर भारताच्या दृष्टिकोनातली वेगळी फाइल असते, तीही सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी ताडून मगच वापरा. किंवा चौकट अशी बेता की वादाची सीमा आत येणारच नाही. येमेनच्या नकाशात पूर्वेला कोकण-गुजरातचा किनारा पुरतो.

नावं मराठीत रूढ आहेत तशी लिहा: एडन, मोखा, होदेदा, बाब-अल-मंदेब. एडन आपल्याला परकं नाही. १८३९पासून कित्येक दशकं त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चालायचा, आणि शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८८३मध्ये तिथल्याच तुरुंगात प्राण सोडले.

बाहेर काढताना

‘प्रिंट लेआउट’मध्ये नकाशा, सूची आणि मोजपट्टी ठेवा. लेबलांना ‘मुक्त’ (Mukta) नावाचा किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ फाँट द्या आणि पीडीएफ काढताना अक्षरं ‘पाथ’ म्हणून निर्यात करण्याचा पर्याय निवडा, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं फुटत नाहीत. व्हॉट्सॲपसाठी पीएनजी. फॉरवर्ड होताना खालचा मजकूर गळून पडतो आणि चित्र तेवढं फिरत राहतं, म्हणून काळ, स्रोताचं नाव, आवृत्तीचा क्रमांक, फाइल उतरवल्याची तारीख आणि जागा न कळलेल्या घटनांची बेरीज चित्राच्या आतच लिहा.

फिरता नकाशा हवा असेल तर ‘टेम्पोरल कंट्रोलर’ला तारखेचा रकाना द्या आणि पायरी महिन्याची ठेवा. दिवसाची ठेवू नका, अनेक नोंदींची तारीखच आठवड्याच्या किंवा महिन्याच्या अंदाजाने दिलेली असते.

पुढच्या वर्षी जीईडीची नवी आवृत्ती आली की नुसत्या नव्या ओळी जुन्या फाइलला जोडू नका. जुन्या वर्षांचे आकडेही नव्या माहितीने बदललेले असतात. अख्खी फाइल नव्याने उतरवायची, तोच फिल्टर लावायचा आणि जुना नकाशा तारीख टाकून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्यायचा.